औषध तळ्याला, दुखणे माणसाला

माणूस जमिनीवर शेतकरी झाला त्याला हजारो वर्षे लोटली. पाण्याच्या बाबतीत मात्र तो परवापरवापर्यंत प्रामुख्याने शिकारीच राहिला होता. समुद्रात वा नदीत जे सापडेल ते जाळ्यात धरायचे आणि बाजारात आणायचे, हाच मासळीच्या धंद्याचा मुख्य मार्ग होता. ही स्थिती आता पालटली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली धरून आणलेल्या मासळीपेक्षा तळ्यांत, पिंजऱ्यांत व खाजणांत वाढविलेल्या मासळीचे वजन जगात प्रथमच अधिक भरले. या मत्स्यशेतीत भारताचा क्रमांक चीनच्या खालोखाल दुसरा आहे. २०२३-२४ या वर्षात आपल्या देशाने ६० हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची सागरी उत्पादने परदेशी पाठविली आणि त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश रक्कम एकट्या गोठविलेल्या कोळंबीने मिळवून दिली. ही कोळंबी बहुतांशी समुद्रातून आलेली नाही. ती आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील तळ्यांत वाढलेली आहे.

हे यश लहान नाही. त्यातून लाखो कुटुंबांना काम मिळाले, परकीय चलन मिळाले, स्वस्त प्रथिने मिळाली. परंतु या यशाचा एक खर्च असा आहे की, तो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तळ्यातील जीव जगावेत म्हणून पाण्यात आणि खाद्यात प्रतिजैविके मिसळली जातात. त्यामुळे जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. आणि तीच औषधे पुढे माणसाच्या आजारात कुचकामी ठरू लागतात. हा खर्च शेतकऱ्याच्या टाचणात नसतो, निर्यातदाराच्या ताळेबंदात नसतो आणि परकीय चलनाच्या आकड्यांतही नसतो. तळ्याशी ज्याचा कसलाही संबंध नाही अशा एखाद्या कुटुंबाकडून तो रुग्णालयात वसूल होतो.

पोत्यातील पूड

तळ्यावरचा शेतकरी औषधाकडे का वळतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कोळंबीचे पीक तीन-चार महिन्यांचे. २००९ साली आपल्याकडे परदेशातून व्हॅनामी जातीची कोळंबी आणण्यास परवानगी मिळाली आणि दाट पेरणीचे युग सुरू झाले. नियमानुसार एका चौरस मीटरला ६० पिल्लांपर्यंत सोडता येतात. जितकी दाटी अधिक तितके उत्पन्न अधिक, आणि तितकाच रोगाचा फैलावही जलद. बियाण्याचा, खाद्याचा व विजेचा खर्च आधी करावा लागतो. पैसा हातात येतो तो शेवटी. पुष्कळ ठिकाणी खाद्यविक्रेताच उधारीवर खाद्य देतो आणि पीक निघाल्यावर वसुली करतो. अशा स्थितीत एखाद्या सकाळी तळ्याच्या कडेला मेलेली कोळंबी दिसू लागली, तर शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते कर्ज.

मग सल्ला कोणाचा घ्यायचा? माशांच्या रोगांचा जाणकार डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतो. पाण्याची व जंतूंची तपासणी करणारी प्रयोगशाळा दूर असते आणि तिचा अहवाल येईपर्यंत तळे रिकामे व्हायची वेळ येते. जवळ असतो तो औषध व खाद्य विकणारा दुकानदार. तो पूड देतो. ती तेलात किंवा चिकट द्रवात कालवून खाद्याला चोळायची आणि तळ्यात टाकायची, एवढी कृती. खर्च थोडा, आशा मोठी. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शेतकरी या पुडीकडे औषध म्हणून पाहत नाही. तो तिला विम्याचा हप्ता समजतो. दुसरा विमा त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणूनच तो रोग दिसल्यावर तर औषध टाकतोच, पण कित्येकदा रोग दिसण्याआधीच, केवळ भीतीपोटीही टाकतो.

या व्यवहारात एक विचित्र विसंगती आहे. माणसाला गोळी देता येते, गुराला सुई टोचता येते. तळ्यातील हजारो जीवांना औषध द्यायचे ते खाद्यातूनच. आणि आजारी पडलेला मासा सर्वांत आधी काय करीत असेल, तर खाणे सोडतो. त्यामुळे औषध मिळते ते मुख्यतः धडधाकट माशांना; ज्याला त्याची गरज आहे तो उपाशीच राहतो. न खाल्लेले खाद्य तळाच्या चिखलात बसते. खाल्लेल्या औषधाचाही मोठा भाग विष्ठेवाटे पाण्यात येतो. पीक काढून झाल्यावर तळ्याचे पाणी ओढ्यात वा खाडीत सोडले जाते आणि शेजारच्या तळ्यात घेतलेही जाते. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध तळाच्या गाळात कित्येक आठवडे टिकून राहते. त्याची मात्रा सर्व जंतूंना मारण्याइतकी नसते. नेमक्या दुबळ्यांना मारून चिवटांना मोकळे रान करून देण्याइतकी असते.

त्यातही दुर्दैवाची गोष्ट अशी की, कोळंबीचे कित्येक मोठे रोग जिवाणूंचे नव्हेतच. १९९४-९५ साली आपल्या पूर्व किनाऱ्यावर ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी बसविली, तो विषाणूचा रोग आहे. गेल्या काही वर्षांत कोळंबीची वाढ खुंटविणारा ‘ईएचपी’ नावाचा जो रोग पसरला आहे, तो बुरशीच्या जवळच्या एका परजीवीमुळे होतो. या दोहोंवर प्रतिजैविकांचा काडीइतका उपयोग नाही. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशातला हा प्रकार. पण ज्याच्याजवळ रोगाचे निदान करण्याची सोय नाही, त्याला रेडा कोणता आणि पखाल कोणती हे कळावे कसे?

तळ्यापासून रुग्णालयापर्यंत

तळ्यातील जंतू माशांना आजारी करतात, माणसाला नव्हे. मग माणसाने काळजी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर जंतूंच्या एका विलक्षण शक्तीत आहे. औषधाला तोंड देण्याची क्षमता जंतू आपल्या संततीला देतात, एवढेच नव्हे. ती शेजारच्या, अगदी निराळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. जनुकांचे एक लहानसे कडे या जंतूतून त्या जंतूत जाते आणि त्याबरोबर औषध परतविण्याची विद्याही जाते. यासाठी लागते ती दाटी, ओलावा आणि औषधाचा सततचा सौम्य मारा. तळ्यात या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात.

ही निव्वळ तर्काची बाब राहिलेली नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील औषधांपासून जंतूंना संरक्षण देणारे एक फिरते जनुक १९९८ साली प्रथम एका अमेरिकन रुग्णाच्या जंतूत सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ कोठले याचा शोध घेताना फ्रान्समधील संशोधकांना २००५ साली ते पाण्यात राहणाऱ्या एका सागरी जिवाणूत आढळले. ते मत्स्यशेतीमुळेच माणसापर्यंत पोहोचले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण पाण्यातील जंतू आणि रुग्णालयातील जंतू यांच्यामध्ये भिंत नाही, एवढे मात्र निर्विवाद ठरते. पुढे २०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिन या औषधालाही दाद न देणारे फिरते जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांत आढळले. सगळी औषधे हरल्यावर डॉक्टर ज्यांचा आधार घेतात, अशा शेवटच्या औषधांपैकी कोलिस्टिन हे एक. त्या शोधानंतर २०१९ साली भारत सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत व मत्स्यशेतीत कोलिस्टिन वापरण्यास मनाई केली, हे योग्यच झाले.

मुंबईकरांना ही गोष्ट दूरची वाटण्याचे कारण नाही. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी काही वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारांतून ताजी मासळी विकत आणून तपासली. तीत पुढच्या पिढीच्या प्रतिजैविकांनाही न जुमानणारे ई-कोलाय जंतू मिळाले. ज्या ‘एनडीएम’ जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिल्याबद्दल २०१० साली आपल्याकडे मोठा गहजब झाला होता, तेही त्यांना ताज्या मासळीतील जंतूंत आढळले. ई-कोलाय हा माशांचा मूळचा जंतू नव्हे. तो माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांतला. शहराचा मैला समुद्रात जातो, तेथून तो मासळीवर येतो आणि मासळीबरोबर पुन्हा शहरात येतो. नीट शिजविलेल्या मासळीतील जंतू मरतात, हे खरे. पण मासळी निवडणारे हात, कापायची विळी आणि ओट्यावरची कोशिंबीर शिजवली जात नाही.

२०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे प्रत्यक्ष दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. या मृत्यूंपैकी तळ्यांच्या वाट्याला किती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या वाट्याला किती, याची फोड करता येत नाही. आणि प्रश्नाची खरी अडचण येथेच आहे. ज्या हानीचा कर्ता दाखविता येत नाही, त्या हानीची भरपाई कोणाकडून मागणार?

गायरानाचा न्याय

अर्थशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. गावाच्या गायरानावर प्रत्येकाने आपले एक जनावर अधिक सोडले, तर त्याचा फायदा संपूर्ण त्याचा असतो. गवत कमी होण्याचा तोटा मात्र साऱ्या गावात वाटला जातो. म्हणून प्रत्येकजण सोडीत राहतो आणि शेवटी गायरान उजाड होते. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली ही गोष्ट मांडली, तेव्हा त्याच्यापुढे लोकसंख्येचा प्रश्न होता. प्रतिजैविकांची परिणामकारकता हेही असेच एक गायरान आहे. ती कोणाच्या मालकीची नाही, ती कोणी विकत घेत नाही, आणि तिचा वापर करणारा प्रत्येकजण ती थोडी थोडी संपवीत असतो. दुकानात पुडीची जी किंमत आकारली जाते, तीत औषध बनविण्याचा खर्च असतो; औषध बोथट होण्याचा खर्च नसतो. वस्तू खऱ्या किमतीपेक्षा स्वस्त मिळाली की तिचा अतिवापर होणारच. त्यात शेतकऱ्याच्या नीतीला दोष देण्यात अर्थ नाही. तीच किंमत पुढे केली, तर कारकून, प्राध्यापक किंवा डॉक्टर यांपैकी कोणीही त्याच्या जागी निराळा वागला नसता. घरोघरी साध्या सर्दीसाठी प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतल्या जातात, हा त्याचा पुरावा आहे.

बाजार या ठिकाणी आणखी एका प्रकारे लंगडा पडतो. एखाद्या शेतकऱ्याने औषध न वापरता, पेरणी विरळ ठेवून, अधिक कष्टाने कोळंबी वाढविली, तरी बाजारातील टोपलीत ती इतरांच्या कोळंबीहून वेगळी दिसत नाही. दिसत नाही म्हणून तिला चढा भाव मिळत नाही. भाव मिळत नाही म्हणून ती वाढविणे परवडत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, ग्राहकाला बरे-वाईट ओळखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. मासळीबाजारात नेमके हेच चालू आहे.

अवशेषांची झडती

या बाबतीत सरकार अगदी स्वस्थ बसले आहे, असे म्हणता येणार नाही. २००२ सालाच्या सुमारास युरोपात आशियाई कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांचे अवशेष सापडले आणि माल नाकारला जाऊ लागला. त्यानंतर आपल्याकडे मत्स्यशेतीत निषिद्ध औषधांची यादी निघाली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, युरोपकडे जाणाऱ्या मालाची काढणीपूर्वी तपासणी सुरू झाली. २०१६ साली युरोपीय संघाने भारतीय तळ्यांतील कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा पुन्हा धावपळ झाली. २०२५ साली तर केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता या दोन्ही औषधांचे उत्पादन व विक्रीच बंद केली.

परंतु या सगळ्या खटाटोपाचा रोख पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. परदेशी ग्राहकाला चिंता आहे ती त्याच्या ताटातील औषधाच्या अंशाची, आणि त्याच्या दृष्टीने ती रास्तच आहे. म्हणून झडती घेतली जाते ती अवशेषांची. अवशेष आणि जंतूंचा प्रतिकार या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध बंद करून ठरावीक दिवस थांबले आणि मग तळे काढले, तर कोळंबीच्या अंगातील अंश नाहीसा होतो व माल तपासणीत निर्मळ ठरतो. तळ्याच्या गाळात, सोडलेल्या पाण्यात आणि शेजारच्या ओढ्यात तयार झालेले चिवट जंतू मात्र कोठेही जात नाहीत. निर्मळ कोळंबी न्यूयॉर्कला जाते. जंतू भीमावरमला राहतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण इतकी चपखल बसावी असे उदाहरण विरळा.

दुसरे असे की, कोळंबी निर्यात होते. रोहू, कटला, पंगासियस ही तळ्यातील मासळी मात्र प्रामुख्याने देशातच खपते, आणि वजनाने तीच कितीतरी अधिक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्यातील प्रतिजैविकांच्या अंशाला मर्यादा घालून दिल्या आहेत. पण निर्यातीच्या मालाला जसा दाखला लागतो, तसा तो दादरच्या वा कोल्हापूरच्या बाजारात येणाऱ्या मासळीला लागत नाही. परदेशी माणसाच्या ताटासाठी एक तराजू आणि आपल्या माणसाच्या ताटासाठी दुसरा, ही स्थिती स्वतंत्र देशाला शोभणारी नाही.

नॉर्वेने काय केले?

या प्रश्नाला उत्तरच नाही, असे मानण्याचे कारण नाही. नॉर्वेच्या खाड्यांत सामन मासा वाढविण्याचा धंदा भरभराटीला येऊ लागला, तेव्हा तेथेही रोगांनी थैमान घातले आणि तेथेही औषधांचा पाऊस पडला. १९८७ साली त्या देशात सुमारे ५० हजार टन सामनसाठी जवळजवळ ५० टन प्रतिजैविके खर्ची पडली. म्हणजे टनामागे सुमारे एक किलो. आज तेथे सामनचे उत्पादन १५ लाख टनांच्या घरात गेले आहे आणि प्रतिजैविकांचा साऱ्या वर्षाचा वापर एक टनाहूनही कमी झाला आहे. टनामागे एक ग्रॅमही नाही.

हे उपदेशाने झाले नाही आणि नुसत्या बंदीनेही झाले नाही. मुख्य रोगांवर लसी तयार झाल्या. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी फोडांच्या रोगावरील तेलयुक्त लस आली आणि समुद्रात सोडण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाला ती टोचण्याचा परिपाठ पडला. एक हंगाम झाला की खाडीतील जागा काही काळ पडीक ठेवायची, पिंजऱ्यांत अंतर राखायचे, लहान-मोठे मासे एकत्र ठेवायचे नाहीत, असे नियम झाले. औषध हवे तर मत्स्यरोगतज्ज्ञाची चिठ्ठी हवी, आणि प्रत्येक चिठ्ठीची नोंद सरकारकडे गेली पाहिजे, असे ठरले. थोडक्यात, शेतकऱ्याच्या हातातील जुना विमा काढून घेण्याआधी त्याला नवा, अधिक भरवशाचा विमा दिला गेला. लस स्वस्त आणि खात्रीची ठरताच औषध आपोआप मागे पडले.

चिलीचा अनुभव याच्या उलट आहे. तोच मासा, तोच धंदा. पण तेथे जो जिवाणू मुख्य शत्रू ठरला, तो माशाच्या पेशींच्या आत लपून राहतो आणि त्याच्यावरील लसींचा प्रभाव फार काळ टिकत नाही. परिणामी २०१५ साली त्या देशात सामनसाठी ५५० टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली गेली. पुढे हा आकडा खाली आला, तरी तो अजून शेकडो टनांतच आहे. दोन्ही देशांचे धडे एकत्र वाचले, तर निष्कर्ष असा निघतो: जेथे औषधाला पर्याय मिळतो तेथे वापर कोसळतो, जेथे मिळत नाही तेथे कायदा कितीही कडक असला तरी तो रेंगाळतो.

एक रास्त आक्षेप

यावर मत्स्यशेतकऱ्यांकडून एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. माणसांच्या औषधोपचारातच प्रतिजैविकांची केवढी उधळपट्टी होते. कोंबड्यांच्या खाद्यात ती घातली जातात. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातून ती वाहतात. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील प्रमाणाहूनही जास्त असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली दाखविले होते. मग बिचाऱ्या तळेवाल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? आधीच त्याचे तळे रुग्णालयाच्या, शहराच्या आणि कोंबडीखान्याच्या घाणीने बाटलेले असते. कित्येक ठिकाणी तर कोंबडीची विष्ठाच खत म्हणून तळ्यात टाकली जाते.

हे सर्व मान्य केले पाहिजे. किंबहुना, मत्स्यशेतकरी हा या पापात वाटेकरी असला, तरी तो त्याचा बळीही आहे. तळ्यातील जंतू औषधाला दाद देईनासे झाले, की पहिले पीक बुडते ते त्याचेच. परंतु गायरान उजाड करणारे अनेक आहेत, म्हणून कोणालाच आवरू नये, हा न्याय टिकणारा नाही. पाणी हे सर्व घाणींचे शेवटचे ठिकाण आहे. रुग्णालयाचे, कारखान्याचे आणि शेताचे जंतू जेथे एकमेकांना भेटतात, तेथे आणखी औषध टाकणे म्हणजे धुमसत्या ढिगावर रॉकेल ओतणे होय. कारखान्यांच्या सांडपाण्यावर निर्बंध हवेत, औषधविक्रीवर चिठ्ठीचा नियम कसोशीने पाळला जायला हवा. आणि त्याबरोबरच तळ्यांचाही बंदोबस्त हवा.

करावयाचे काय?

नॉर्वेची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही. माशाचे शरीर लसीची आठवण ठेवते, कोळंबीचे तशी ठेवीत नाही. म्हणून कोळंबीला लस टोचून भागणार नाही. तिच्या बाबतीत रोगमुक्त बियाणे, विरळ पेरणी, पाणी आत घेण्यापूर्वी त्याचे निर्जंतुकीकरण आणि दोन पिकांच्या मध्ये तळे वाळविणे, हीच लस. रोहू-कटल्यासारख्या माशांना मात्र लस उपयोगी पडू शकते. पण सर्रास वापरात असलेली अशी लस आपल्या शेतकऱ्याच्या हाती अजून आलेली नाही. येथे सार्वजनिक पैसा ओतला पाहिजे. खाजगी कंपनी लस बनविते ती विक्रीच्या नफ्यासाठी. औषध टिकून राहिल्याचा समाजाचा फायदा तिच्या हिशेबात बसत नाही. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती वस्तू सरकारने उभी करायची, हे अर्थशास्त्राचे पहिल्या धड्यातील तत्त्व आहे.

दुसरी गरज निदानाची. जेथे तळ्यांची दाटी आहे अशा प्रत्येक तालुक्यात रोगनिदानाची लहान प्रयोगशाळा आणि चिठ्ठी देण्याचा अधिकार असलेला मत्स्यरोगतज्ज्ञ हवा. जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवण्याची राष्ट्रीय योजना २०१३ साली सुरू झाली. मासळीतील व जनावरांतील चिवट जंतूंची पाहणी करणारे प्रयोगशाळांचे जाळेही आता देशात उभे आहे. त्यांचे निष्कर्ष अहवालांत न राहता तळ्याच्या बांधापर्यंत पोहोचले पाहिजेत. रोग विषाणूचा आहे असे शेतकऱ्याला दोन दिवसांत कळले, तर तो जिवाणूंच्या औषधावर पैसे कशाला उधळील?

तिसरी गरज खऱ्या विम्याची. १९९४-९५ च्या रोगानंतर कोळंबीच्या पिकाला हात लावायला विमा कंपन्या कचरू लागल्या. २०२४ साली मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत मत्स्यशेतीच्या विम्याला उत्तेजन देण्याची तरतूद आहे. या विम्याला एक अट जोडता येईल: तळ्याची औषध-नोंदवही ठेवणाऱ्याला आणि प्रमाणित बियाणे सोडणाऱ्याला हप्ता कमी. म्हणजे पुडीचा विमा सोडून कागदाचा विमा घेण्यास शेतकऱ्याला कारण मिळेल.

आणि चौथी गरज संघटनेची. गायरान उजाड होणे अटळ आहे, असे हार्डिनला वाटले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवून दिले की, गावकरी एकत्र येऊन नियम करतात, ते एकमेकांवर नजर ठेवून पाळतात, आणि गायरान टिकवितात. या कार्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच कालव्याचे पाणी घेणाऱ्या तळेवाल्यांना हा विचार तंतोतंत लागू पडतो, कारण एकाचा रोग व एकाचे औषध दुसऱ्याच्या तळ्यात जातेच. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने २००७ साली स्थापन केलेल्या संस्थेमार्फत लहान कोळंबी-शेतकऱ्यांच्या सोसायट्या बांधण्याचे काम झाले आहे. एकाच वेळी बियाणे सोडणे, रोग लागला तर शेजाऱ्याला कळविणे, दूषित पाणी कालव्यात न सोडणे, असे नियम अशा सोसायट्यांना करता येतात. साखर कारखाने, दूध संघ आणि पाणीवाटप संस्था चालविलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाजणांत कोळंबीची तळी वाढत आहेत. आंध्राने ठेच खाल्ल्यावर जे शिकायला घेतले, ते येथे आधीच अमलात आणता येईल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे शहाणपण फुकट मिळते. त्याचा लाभ घ्यायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

यासाठी पैसा लागेल, आणि तो मासळीच्या किमतीत थोडाबहुत दिसेल. ग्राहकाने त्याला कुरकुरू नये. आजची स्वस्ताई ही खरी स्वस्ताई नाही. तिचा उरलेला भाग नंतर, निराळ्या खिडकीवर, भरावा लागतो. ज्याच्या नवजात मुलाच्या रक्तात जंतू शिरले आहेत आणि एकामागून एक औषध निष्फळ ठरते आहे, असा बाप रुग्णालयाच्या ओसरीत बसलेला असतो. त्याने कदाचित आयुष्यात कोळंबीची चवही घेतलेली नसते. तरीही त्या तळ्याच्या खर्चाचा एक हप्ता तोच फेडीत असतो. मत्स्यशेतीच्या भरभराटीचा जमाखर्च मांडताना त्याचे नाव वहीत यायला हवे. ते आले, म्हणजे पुडीची खरी किंमत काय आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.